हितलीच

ईरा, तू मराठी वाचायचा सराव म्हणून या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचतेस, हे तुझ्या आईने सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. एवढं चांगलं मराठी पडलंय, ते सोडून मुलीने पिंपळावरच्या बायका वाचाव्यात! तू मला फोनवर विचारलंस, "आजी, तुला कधी असं काही झालंय का?" आणि मी ताडकन "नाही" म्हणाले. तेव्हा ते खरं होतं. मी तीस वर्षं मंचरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलांना सांगत आले, की ज्याचं कारण सापडत नाही त्याचं कारण आपण नीट शोधलेलं नसतं.

आता मात्र मला काहीतरी सांगायचं आहे. ते या सदरात पाठवते, कारण तू इथे नक्की वाचशील. तुझ्या भावाला, नीलला, मोठ्याने वाचून दाखव. तुमचा बाबा "आजोबा डाउनटाउनमध्ये जरा चुकले होते" असं सांगतो, ते साफ चूक आहे. आजोबा जागचे हलले नव्हते. चुकले होते मी. (तुमच्या आईच्या सांगण्यावरून शहराचं नाव लिहीत नाही. तुम्ही तिथेच राहता.)

इतर वाचकांसाठी आधी आमच्याबद्दल सांगते. आम्ही आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरचे. आजोबांची, म्हणजे माझ्या यजमानांची, पिढीजात शेती. शेजारी भामाबाई राहते, तिच्याकडे अजून मेंढरं आहेत. तिचे सासरे लोणीच्या पुढे माळावर मेंढरं घेऊन जायचे. भामाबाईने मला चकव्याबद्दल पूर्वीच सांगितलं होतं. ओळखीच्या माळावर माणूस चालत सुटतो आणि फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो. त्यावर तिचा उपाय असा, "चालायचं न्हाई बाई. जितं हाय तितं बसायचं. बसलं की सुटतं." आणि वर म्हणाली, "आता वाघराच्या भ्यानं बसायची बी सोय न्हाई ऱ्हायली." बिबट्याला आमच्याकडे वाघरू म्हणतात. दिवस मावळला की उघड्यावर खाली बसायचं नाही, ही आमच्या गावाची शिस्त, कारण बसलेला माणूस वाघराला आपल्या जोगा, शेळी-मेंढरासारखा, वाटतो. चकव्याचं मी तिला शास्त्रीय कारण समजावलं होतं. माणसाची दोन्ही पावलं सारखी पडत नाहीत, खूण नसली की तो वर्तुळात चालतो वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मेंढरांना पाला टाकायला गेली.

तर मागच्या ऑक्टोबरात आम्ही तुमच्याकडे अमेरिकेत आलो होतो. आजोबांना एकच गोष्ट बघायची होती... तुमच्या बाबाचं ऑफिस. नोकरी लागली तेव्हा त्याने त्या उंच काचेच्या इमारतीसमोर उभं राहून फोटो पाठवला होता. आजोबांनी तो मोठा करून बैठकीत लावला आहे. आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवतात. तुमचा बाबा म्हणत होता, "अहो बाबा, तिथे आता काही नाही. करोनापासून सगळे घरूनच काम करतात. दुकानं बंद पडलीत. रस्त्यावर माणसं झोपलेली असतात. सेफ नाही."

सेफ! रात्री कोणी बाहेर निघालं तर मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून आणि हातात काठी घेऊन निघतं, अशा गावात मी राहते.

शेवटी योग आला तो असा, की तुमच्या बाबाची कंपनी त्या इमारतीतला आपला मजला सोडणार होती आणि त्याला आपलं सामान आणायला जायचं होतं. शुक्रवार होता, तुम्ही शाळेत होता. आम्ही त्याच्याबरोबर निघालो. आजोबांनी दुपारचं इन्सुलिन घेतलं, कारण बाबा म्हणाला जाताना एका छान ठिकाणी जेवू. ते छान ठिकाण बंद. दाराला प्लायवूड ठोकलेलं. दुसरं ठिकाण सोमवार ते गुरुवारच उघडं, कारण ऑफिसची थोडीफार माणसं तेव्हाच येतात. मी निघताना थालीपिठं आणि दही घेतलं होतं म्हणून बरं. आजोबांना साखर आहे, औषध घेऊन खाणं लांबलं की त्यांची साखर उतरते. एकदा कळंबला, कांद्याच्या गाडीजवळ, उभ्याचे खाली कोसळले होते. तेव्हापासून माझ्या पिशवीत डबा, ग्लुकोज आणि साखर तपासायचं यंत्र असतंच.

वर पाहुण्यांना परवानगी नाही म्हणे. बाबाने आम्हाला इमारतीसमोरच्या चौकात बाकावर बसवलं. हा चौक तुम्ही पाहिलाय. मधोमध कारंजं आहे, पण ते करोनात बंद केलं ते बंदच आहे. कोरड्या हौदात पानं साचलेली. चारी बाजूंना टोलेजंग इमारती आणि भरदुपारी चौकात आम्ही दोघं अन् कबुतरं. "अर्ध्या तासात आलो. कोणाशी बोलू नका, कुठे जाऊ नका, कुठे थांबू नका," असं सांगून तो गेला. कुठे जाऊ नका आणि थांबूही नका, दोन्ही एकदम कसं करायचं ते मी विचारणार होते.

आजोबा मान वर करून इमारतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फोटोत लई माणसं व्हती गं."

मी डबा काढला. तर म्हणाले, आधी तू जाऊन ये, मग दोघं मिळून खाऊ. मला बाथरूमला जायचं होतं आणि ते मी दोनदा बोलून दाखवलं होतं. मी म्हटलं, तुम्ही खाऊन घ्या. "एकट्यानं उघड्यावर काय खायचं, भिकाऱ्यावानी?" हे त्यांचं उत्तर. वाद घालत बसले असते तर माझी पंचाईत झाली असती. म्हणून उठले. आणि शिस्तीच्या माणसाच्या हातून होते तशी चूक केली... नेहमीच्या सवयीने पिशवी खांद्याला लावली. डबा, ग्लुकोज, आमचा दोघांतला एकच फोन, सगळं माझ्याबरोबर गेलं.

तुमच्या डाउनटाउनमध्ये बाथरूम मिळवणं किती कठीण आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही तिथे जातच नाही. कॉफीच्या दुकानात बाथरूमच्या दाराला नंबरचं कुलूप. हॉटेलच्या रखवालदाराने आतसुद्धा येऊ दिलं नाही. शेवटी एका औषधांच्या दुकानातल्या मुलीने माझ्या तोंडाकडे बघून किल्ली दिली. त्या दुकानात टूथपेस्टसुद्धा काचेआड कुलपात ठेवली होती. मी तिचे आभार मानले आणि आले त्याच दाराने बाहेर पडले. दुसरं दार फळ्या ठोकून बंद केलेलं होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमचा बाबा अजून म्हणतो, "आई, तू दुसऱ्या दाराने बाहेर पडली असशील."

परतीचा रस्ता सरळ होता. येताना एक वळण घेतलं होतं, जाताना तेच उलट घ्यायचं. कोपऱ्यावर चपला-बुटांचं एक बंद दुकान. काचेवर आतून कागद चिकटवलेला, 'लवकरच परत येत आहोत', ऊन लागून पिवळा पडलेला. त्या दुकानाच्या पायरीच्या कडेला निळी गोधडी पांघरून एक माणूस बसला होता. बाबाने ज्यांच्याबद्दल सांगितलं होतं त्यांपैकी. मी पिशवी घट्ट धरली आणि पुढे गेले. दुकानापासून उजवीकडे वळलं की चौक.

मी उजवीकडे वळले. रस्ता संपेपर्यंत चालले आणि समोर बुटांचं दुकान. पिवळा कागद. निळी गोधडी.

मनात म्हटलं, बाई, वळण चुकलीस. पुन्हा नीट गेले. पुन्हा दुकान. मग डावीकडे गेले, पुन्हा तेच. चार वेळा एकाच बाजूला वळलं की माणूस होता तिथेच येतो, एवढं मलाही समजतं. म्हणून मग मी वळलेच नाही. नाकासमोर सरळ चालत गेले, रस्त्याच्या पाट्या मोठ्याने वाचत. पाट्यांवर नंबर आहेत, एकापुढे दोन यावा तसे ते येत होते. ते बरोबर येत होते! आणि तरी समोर तेच दुकान आलं.

बाबाला फोन लावला. लागला नाही. नंतर कळलं, त्याचा फोन गाडीत चार्जिंगला. कोणाशी बोलू नका म्हणणारा हा माणूस. फोनवरच्या नकाशात मी चौकातच उभी आहे असं दाखवत होतं. मी बुटांच्या दुकानासमोर उभी होते.

मला भीती वाटली नाही. राग आला. रस्त्यांना नंबर दिलेल्या, फूटपट्टीने आखलेल्या शहरात मी वाट चुकते म्हणजे काय? पण रागाखाली दुसरं काहीतरी होतं. आजोबा बाकावर बसलेत, पोटात अन्न नाही, इन्सुलिन घेऊन बराच वेळ झालाय. त्यांना इंग्रजी येत नाही. ते खाली कोसळले तर त्या ओस चौकात बघणारं कोणी नव्हतं, आणि कोणी बघितलंच तर रस्त्यावर झोपलेला आणखी एक म्हातारा म्हणून वळसा घालून जाईल. ग्लुकोज माझ्या खांद्याला लटकत होतं.

तेवढ्यात तो गोधडीवाला माझ्याशी बोलला. त्याचं इंग्रजी मी मराठीतच देते. म्हणाला, "मॅडम, तुम्ही दर वेळी त्याच बाजूने येता. परत जाताना मात्र दिसत नाही."

मी त्याला विचारलं, चौक कुठे आहे. त्याने हनुवटीने दाखवलं, "हा काय, कोपऱ्यावर." मी कोपऱ्यावर गेले. आणि त्याच्यासमोर आले.

"जरा बसा," तो म्हणाला.

मी बसणार नव्हते. एक तर परका माणूस, त्यात बाबाची ताकीद, त्यात आमच्या गावची शिस्त. आणि खरं सांगायचं तर भामाबाई आठवली म्हणूनच मुळीच बसणार नव्हते. तीस वर्षं शाळेत शिकवून मी अमेरिकेत चकव्यावर उतारा करू? मी आणखी एक फेरी मारली. त्या फेरीच्या शेवटी मात्र माझे गुडघे बोलायचे थांबले आणि ओरडायला लागले. मी सरळ जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले, त्याच्यापासून हातभर अंतरावर. पिशवी मांडीवर. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं होतं असं मी अजूनही म्हणते.

तो माझ्याकडे बघत नव्हता. रस्त्याकडे बघत म्हणाला, "ती म्हणालीच होती, तुम्ही बसाल म्हणून."

मी विचारलं, कोण म्हणालं? त्याने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. बरं नसलेला माणूस आहे, काहीतरी बरळतोय, असं मी मनाशी म्हटलं आणि ते वाक्य तिथेच सोडून दिलं. जरा दम घेऊन उठले, कोपऱ्यावर वळले, आणि समोर चौक. कोरडं कारंजं, कबुतरं, बाक. चार पावलांवर.

मी पळत गेले. या वयात मला पळताना कोणी पाहिलं नाही हे त्या ओस पडलेल्या शहराचे उपकार.

आजोबा मजेत बसले होते. बोटं चाटत होते! मी बोलण्याआधी यंत्र काढून त्यांच्या बोटाला सुई टोचली. साखर हवी तशी, सकाळच्यापेक्षाही चांगली. मी विचारलं, काय खाल्लं? कोणी दिलं?

"आगं, एक बाई आली व्हती. आपल्याकडचीच. गूळ-पाणी दिलं."

पुढचं सगळं मी तिथे उभ्याउभ्या आणि नंतर घरी अनेकदा त्यांच्याकडून काढून घेतलं आहे. दर वेळी ते तेच सांगतात. एरवी त्यांची कोणतीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना दुप्पट होते, ही एकच होत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली होती, हात थरथरत होते. तेव्हा शेजारी कोणीतरी येऊन बसलं आणि म्हणालं, "पावणं, लांबनं आलाय. गूळ घ्या."

आजोबा म्हणाले, "नको, मला साखर हाय."

तर ती म्हणाली, "आत्ता न्हाई तुमाला. घ्या."

गूळ खाल्ल्यावर तिने त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं. त्यांनी आपल्या पद्धतीप्रमाणे विचारलं, कुठल्या तुम्ही? ती म्हणाली, "हितलीच." मग आजोबांनी सांगितलं, आमची मास्तरीण गेलीय ती अजून येत न्हाई, चुकली की काय. त्यावर ती उठता उठता म्हणाली, "बसल्या की येतील."

"म्हटलं, बसल्या की कशा येतील? चालल्या की येतील ना," आजोबा हसत मला सांगत होते. "जरा येडीच दिसली. पर गूळ लई झ्याक."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. त्यांचे हात हातात घेऊन पाहिले. त्यांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. ओंजळीने पाणी प्यायल्यावर होतात तशा. चौकात पाण्याचा थेंब नव्हता. हाताला गुळाचा वास येत होता. दुकानातल्या पिवळ्या गुळाचा नव्हे, आपल्या गुऱ्हाळावरच्या काळसर गुळाचा, ज्याला थोडा धुराचा वास असतो.

तुमचा बाबा खोकं घेऊन खाली आला तेव्हा आम्ही थालीपीठ खात होतो. त्याचं म्हणणं ठरलेलं आहे. बाबांची साखर उतरली होती, तेव्हा माणसाला काहीही दिसतं. एखादी भारतीय बाई असेल, ऑफिसातून खाली आली असेल. आई थकली होती. असेल बाबा. मी त्याला एवढंच विचारलं, की साखर उतरल्यामुळे बाई दिसली, तर मग साखर चढवली कोणी? तो म्हणाला, आई, घरी चल.

मी आजोबांची उलटतपासणी घेतली. दिसायला कशी होती? "बाईसारखी बाई." लुगडं होतं की पँट? "मी कशाला बघू परक्या बाईकडं?" वय? चेहरा? काही नाही. आयुष्यभर या माणसाच्या सभ्यतेचं मी कौतुक करत आले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, अहो, एकदा मान वर करून बघायला काय झालं होतं!

आठवड्याने मी बाबाला घेऊन पुन्हा तिथे गेले. बुटांचं दुकान होतं, कागद होता, पायरी रिकामी. औषधांच्या दुकानातली मुलगी म्हणाली, त्या लोकांना तिथून हलवलं. कुठे, तिला माहीत नव्हतं. चौकापासून दुकानापर्यंत मी सहा वेळा आले-गेले. दर वेळी नीट पोचले.

इकडे परत आल्यावर तर आणखीच वैताग. 'हितलीच' याचा अर्थ आजोबांनी 'आपल्याच भागातली' असा घेतला आहे. गेले कित्येक महिने ते शोधताहेत, की आपल्याकडची कोणाची लेक त्या शहरात दिलीय. लोणीला विचारून झालं. कळंबच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी त्यांना सांगितलं, अमक्याची पुतणी तिकडे असते. आजोबांनी तिला व्हिडिओ कॉल लावला. ती कॅनडात निघाली, आणि बिचारीने पंधरा मिनिटं त्यांचं ऐकून घेतलं. गूळ खाल्लाय, साडी-चोळी तर करायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना म्हटलं, अहो, ती अमेरिकेत बसून 'इथलीच' म्हणाली, म्हणजे तिथली. तर मलाच म्हणतात, "मग आपल्यावानी कशी बोलती?"

भामाबाईला सांगितलं तर तिला काहीच वाटलं नाही. "बसलात ते बरं केलं," म्हणाली. मी म्हटलं, अगं, तिथे मोठमोठ्या इमारती आहेत, माळ नाही काही. तिने विचारलं, "माणसं हायेत का?" मी म्हटलं, आता फारशी नाहीत. "मंग?" म्हणाली आणि मेंढरं हाकत निघून गेली. हे काही स्पष्टीकरण झालं का?

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. मी ते नीट शोधलं आहे, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांना जे सांगत आले ते मला लागू नाही. ईरा, तू हे वाचून विचारशील, आजी, तुला भीती वाटते का? नाही. मला वाईट वाटतं, आणि खरं म्हणजे राग येतो. त्या गोधडीवाल्याशी ती इंग्रजीत बोलली असणार, त्याला दुसरं काय येणार? तुमच्या आजोबांशी ती निरगुडसरच्या बोलीत बोलली. तुमचा बाबा वर इमारतीत होता, तेव्हा खाली त्या ओस चौकाच्या आसपास त्या दुपारी दोन्ही भाषा येणारी मी एकटीच होते. तिला विचारायला माझ्याकडे किती प्रश्न होते...

आणि माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही.